निवळीचं नाव घेऊन पाणी निवळत नाही

फर्दापूर हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेलं असतं, पण लक्षात ठेवलेलं नसतं. शाळेची सहल अजिंठ्याला जाते, फर्दापूरच्या फाट्यावर गाडी थांबते, लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये मुलं मोजून चढवायची आणि परतताना मोजून उतरवायची, एवढाच या गावाशी आपला संबंध. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातलं हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. गावात मुघलकाळातली एक मोठी सराई आहे. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादकडे निघालेले प्रवासी घाट चढण्याआधी इथे मुक्काम करत. माणसं आणि जनावरं एका जागी थांबवायची, तर पहिला प्रश्न पाण्याचा. साचवलेलं पाणी चांगलं कसं ठेवायचं, हा प्रश्न या परिसरात निदान दोन हजार वर्षं जुना आहे.

आज त्याच प्रश्नाकडे एका साध्या उदाहरणातून पाहू. समजा, फर्दापुरात एका घरामागे पोहण्याचा हौद आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल. मालक परगावी असतात. दोन वर्षं कुणी लक्ष दिलेलं नाही. पाणी गर्द हिरवं झालं आहे, तळ दिसत नाही, कडेला शेवाळ आहे आणि पृष्ठभागावर डासांच्या अळ्या वळवळताहेत. हा हौद पुन्हा वापरण्याजोगा करायचा आहे. काय करावं?

वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुधा दोन उत्तरं येतील. एक : पाणी सोडून द्या आणि नवं भरा. दोन : पावडर टाका.

पहिल्या उत्तराचा हिशेब फळ्यावर मांडू. १० × ५ × १.५ म्हणजे ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर. दहा हजार लिटरचे साडेसात टँकर. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावं, असा जलजीवन मिशनचा निकष आहे. त्या मापानं हे पाणी तेराशेहून अधिक माणसांना एक दिवस पुरेल. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ते ओतून देणं हा उपाय नव्हे. शिवाय पावसाळ्यात भोवतालची काळी माती पाण्यानं फुगलेली असते. अशा वेळी हौद रिकामा केला, तर बाहेरच्या पाण्याच्या दाबानं त्याच्या भिंती तडकण्याचा किंवा तळ उचलला जाण्याचा धोका असतो.

दुसरं उत्तर अधिक शहाणपणाचं वाटतं, पण तेही पुष्कळदा फसतं. ते का फसतं हे समजून घ्यायचं, तर पाणी स्वच्छ करण्याची विद्या माणसाला कोणत्या क्रमानं सापडली ते पाहावं लागेल. हौदाच्या दुरुस्तीत चार कामं असतात : गाळणं, निवळणं, जंतू मारणं आणि तोल राखणं. यातलं एकेक काम उमजायला माणसाला शतकं लागली आहेत.

भिक्खूंचं फडकं

अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातली आणि बहुतेक लेणी पाचव्या शतकातली. खाली वाघूर नदीचं वळण आहे, वर सातकुंडांचा धबधबा. पावसाळ्यात पाणीच पाणी, आणि मग आठ महिने खडक तापत राहतो. म्हणून आपल्याकडच्या लेण्यांजवळ खडकात टाकी खोदलेली असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांमध्ये अशा टाक्यांना प्राकृत शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि पोढी खोदून देणं हे मोठं दान मानलं जाई. कान्हेरीला तर अशी टाकी शेकड्यानं मोजावी इतकी आहेत.

यातली बरीच टाकी खडकाच्या पोटात शिरलेली असतात. वर फक्त लहानसं तोंड. हे का बरं? बाष्पीभवन कमी व्हावं, हे एक कारण सहज सुचतं. दुसरा फायदा आपल्या हिरव्या हौदाशी जोडलेला आहे. शेवाळ ही वनस्पतींसारखीच प्रकाशावर जगणारी सृष्टी. ऊन नाही, तर शेवाळ नाही. झाकलेलं टाकं अंधारामुळेच हिरवं होत नाही. आपला घरामागचा हौद मात्र दिवसभर आकाशाकडे तोंड करून असतो, आणि आकाश निळं दिसावं म्हणूनच तो बांधलेला असतो!

भिक्खूंजवळ आणखी एक गोष्ट असे. बौद्ध भिक्खूच्या आठ आवश्यक वस्तूंमध्ये तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि कमरपट्टा यांच्या जोडीला पाणी गाळण्याचं फडकं मोजलेलं आहे. विनयपिटकात यासंबंधी एक कथा येते. दोन भिक्खू प्रवासात होते. एकाजवळ गाळणं होतं, दुसऱ्याजवळ नव्हतं. दुसऱ्यानं मागितलं, पहिल्यानं दिलं नाही. आणि न गाळलेलं पाणी प्यायचं नाही म्हणून दुसरा तहानेनं मेला. त्यावर नियम झाला : मागितलं तर गाळणं द्यावंच लागेल, गाळण्याशिवाय प्रवासाला निघू नये, आणि जवळ नसेल तर चीवराच्या टोकानं पाणी गाळून घ्यावं.

हा नियम पाण्यातल्या जिवांची हिंसा होऊ नये म्हणून होता, पिणाऱ्याच्या आरोग्यासाठी नव्हे. पण त्या फडक्यानं आणखी एक काम नकळत केलं असणार. ते कोणतं, हे कळायला १८७० साल उजाडावं लागलं.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला नारू हा शब्द चांगला माहीत होता. पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून दोऱ्यासारखा लांब कृमी हळूहळू बाहेर पडे. पुष्कळदा मादीची लांबी हातभराहून अधिक असे. वेदना थांबाव्यात म्हणून माणूस पाय गार पाण्यात बुडवी, आणि नेमक्या त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडी. रशियन संशोधक फेदचेंको यांनी १८७० मध्ये दाखवलं की या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या जलचराच्या शरीरात वाढतात. १९१३ साली मुंबईच्या जीवाणूशास्त्र प्रयोगशाळेत डी. ए. तुरखुड यांनी माणसांवरच्या प्रयोगातून हा दुवा पक्का केला : बाधित सायक्लॉप्स पाण्यावाटे पोटात गेला की वर्षभरानं नारू बाहेर येतो.

पायऱ्यांची विहीर म्हणजे या चक्राला हवी असलेली जागा. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहून घागर भरणार. तीच घागर दुसऱ्याच्या घरी जाणार. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड, आणि तरीही त्यात पुढच्या वर्षीचं दुखणं. भारताचा नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. त्याच्यासाठी ना लस होती ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या करणं, हातपंप बसवणं, सायक्लॉप्स मारणारं रसायन योग्य प्रमाणात टाकणं आणि पाणी दुहेरी फडक्यानं गाळून पिणं, एवढीच साधनं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. भिक्खूंचं फडकं एका रोगाच्या निर्मूलनात कामाला आलं.

मात्र फडक्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. सायक्लॉप्स अडकतो, पण पटकीचा जंतू त्याहून सुमारे हजारपट लहान. तो आरपार जातो.

निवळी आणि तुरटी

गढूळ पाणी फडक्यानं गाळलं तरी गढूळच राहतं. मातीचे अतिसूक्ष्म कण विजेच्या ऋण भारामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. त्यांना एकत्र आणणारं काहीतरी हवं.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीचं बी आहे, गोमेद आहे, कमळाचे कंद, शेवाळाची मुळं, मोती आणि मणी आहेत. आणि वस्त्रही आहे. सहाव्या शतकातला वराहमिहिर विहिरीत टाकण्याच्या चूर्णाची कृती देतो. त्यात नागरमोथा, वाळा, आवळा यांच्या जोडीला निवळी येते. निवळीचं बी मडक्याच्या आतल्या बाजूला घासायचं आणि त्यात पाणी भरायचं, ही पद्धत आपल्या घरांतून अगदी अलीकडेपर्यंत होती. या बियांतले मोठाले रेणू मातीच्या कणांना एकमेकांशी बांधतात, गठुळं होतात आणि वजनानं खाली बसतात. शेवग्याच्या बियांतली धनभारित प्रथिनंही हेच काम करतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यातल्या बायकार्बोनेटशी क्रिया करून कापसाच्या पुंजक्यासारखा हायड्रॉक्साइडचा साका बनवतं, आणि तो साका कणांना सोबत घेऊन तळाशी जातो.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात या निवळीवरून एक दृष्टांत दिला आहे. निवळीचं फळ पाणी स्वच्छ करतं हे खरं, पण तिचं नुसतं नाव घेतल्यानं पाणी स्वच्छ होत नाही, अशा अर्थाचा. विषय तिथे वेगळा आहे, पण विज्ञानाच्या शिक्षकानं हा दृष्टांत जवळ ठेवावा असा आहे. ‘पावडर टाका’ हे उत्तर पुष्कळदा निवळीचं नाव घेण्यासारखंच असतं.

हॅम्बुर्गचा धडा

गाळणं आणि निवळणं यांची सांगड युरोपात एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर घातली गेली. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी १८०४ मध्ये जॉन गिब यांनी आपल्या कारखान्यासाठी वाळूची गाळणी बांधली आणि उरलेलं पाणी गावाला विकलं. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या एका पाणीकंपनीसाठी वाळूचे मोठे थर वापरले. वाळूतून पाणी संथपणे जाऊ दिलं, की थराच्या वरच्या बाजूला जीवाणूंचा एक बुळबुळीत पापुद्रा तयार होतो आणि खरं काम तोच करतो, हे मात्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं ते १८९२ मध्ये. जर्मनीतलं हॅम्बुर्ग आणि त्याला लागून असलेलं आल्टोना ही दोन्ही शहरं एल्बे नदीचंच पाणी पीत. आल्टोनाचं पाणी तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे जास्त घाण झालेल्या प्रवाहातून घेतलेलं. त्या वर्षी पटकीची साथ आली आणि हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसं दगावली. आल्टोनात त्या मानानं फारच थोडी. दोन्ही शहरांची हद्द एका रस्त्यावरून जात होती, आणि रोगाची हद्दही जवळजवळ तिथेच थांबत होती. फरक एकच : आल्टोनाचं पाणी वाळूतून गाळलेलं होतं. रॉबर्ट कॉख यांनी हा पुरावा जगापुढे मांडला.

आपल्या हौदाशेजारच्या खोलीतही वाळू भरलेलं एक पिंप असतं. पंप हौदाचं पाणी त्यातून फिरवतो. दोन वर्षं पंप बंद म्हणजे ती वाळूही निकामी. पाणी हलतं ठेवणं हा स्वच्छतेचा अर्धा भाग आहे. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरासाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी, जमिनीखालून नहर आणली. तिच्यातही झाकलेलं, वाहतं पाणी हीच युक्ती होती.

वासाचा वायू

शेले यांनी १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला. तो मूलद्रव्य आहे हे १८१० मध्ये डेव्ही यांनी ओळखलं. १७९९ मध्ये टेनंट यांनी चुन्यात हा वायू मुरवून विरंजक चूर्णाचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पेटंट घेतलं. ते कापड पांढरं करण्यासाठी होतं. पुढे दुर्गंधी घालवायला ती वापरू लागले, कारण रोग दुर्गंधीतून होतात अशी समजूत होती. समजूत चुकीची, उपाय बरोबर; विज्ञानाच्या इतिहासात असंही घडतं.

पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालायला मात्र लोक बिचकत. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टन गावी विषमज्वराची साथ आली, तेव्हा नळ ब्लीचिंग पावडरनं धुऊन काढले. १९०५ मध्ये लिंकन शहरात पाण्याला सतत क्लोरीनची मात्रा देण्यात आली. अमेरिकेतल्या जर्सी सिटीचा पाणीपुरवठा निर्धोक नाही म्हणून खटला चालू होता. डॉ. जॉन लील यांनी न्यायालयाची आगाऊ परवानगी न घेता सप्टेंबर १९०८ पासून बून्टन जलाशयाच्या पाण्यात अल्प प्रमाणात क्लोरीन मिसळायला सुरुवात केली. पाण्यात विष कालवल्याचा आरोप होणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मोजमापं पुढे ठेवली आणि न्यायालयानं ती मान्य केली. काही वर्षांतच पोहण्याच्या हौदांसाठीही हाच उपाय सुरू झाला.

आपल्याकडे विहिरींचा प्रश्न वेगळा होता. एकदा पावडर टाकली की दोन दिवसांत तिचा असर संपतो. नागपूरला १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे ‘नीरी’ या नावानं ओळखल्या गेलेल्या संस्थेनं त्यासाठी दुहेरी मडक्याची पद्धत काढली. भोक पाडलेल्या आतल्या मडक्यात एक भाग ब्लीचिंग पावडर आणि दोन भाग जाड वाळू. ते दुसऱ्या मडक्यात ठेवून विहिरीत सोडायचं. क्लोरीन झिरपत राहतो आणि घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतो. कुंभाराच्या चाकावरचं हे जंतुनाशक यंत्र!

आता आपल्या हौदाचं गणित करू. हिरवं पाणी मारायला दर लिटरला सुमारे दहा मिलिग्रॅम क्लोरीन हवा असं धरू. ७५,००० लिटरला ७५० ग्रॅम. ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो पावडर लागेल. पण ती पावडर उघड्या पोत्यात, उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत पडलेली असेल आणि तिचा क्लोरीन २० टक्क्यांवर आला असेल, तर पावणेचार किलो. पोत्यावरचा आकडा आणि पोत्यातली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिसत नाही तो तोल

एवढं करूनही हौद हिरवाच राहिला तर? याचं उत्तर बिअरच्या कारखान्यात सापडलं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये आम्लता मोजण्याची पट्टी मांडली. तिलाच आपण सामू म्हणतो.

क्लोरीन पाण्यात मिसळला की त्याची दोन रूपं होतात. एक हायपोक्लोरस आम्ल आणि दुसरा हायपोक्लोराइट आयन. जंतू मारण्यात पहिलं रूप दुसऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी आहे. कोणतं रूप किती असेल, हे सामू ठरवतो. सामू ७.२ असेल तर सुमारे दोन-तृतीयांश क्लोरीन प्रभावी रूपात असतो. ७.५ ला निम्मा. ८ ला जेमतेम पाव. आणि ८.५ ला दहावा हिस्साही नाही.

आता हिरव्या पाण्याकडे पाहा. प्रकाशसंश्लेषणासाठी शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. तो विरघळलेला असतो तेव्हा पाणी थोडं आम्लाकडे झुकतं. तो गेला की सामू चढतो. दाट शेवाळाच्या पाण्याचा सामू दुपारी ८.५ च्याही वर जाऊ शकतो. त्यात चुन्याचा अंश असलेली ब्लीचिंग पावडर टाकली, की सामू आणखी वर. म्हणजे शेवाळानं स्वतःभोवती एक चिलखत घातलेलं असतं, आणि आपण पावडर टाकून त्याची एक कडी घट्ट करतो! शिवाय आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी पुष्कळदा जड असतं. सामू चढला की त्यातला कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात बाहेर पडतो आणि हिरवं पाणी दुधी होतं. ‘पावडर टाका’ हे उत्तर फसतं ते इथे.

याच्याही पुढे दोन गोष्टी आहेत. पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, म्हणजे अल्कता, पुरेशी नसेल तर सामू एका जागी ठरत नाही. ती दर लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम असावी. आणि ऊन. भर उन्हात क्लोरीनचा निम्म्याहून अधिक भाग तासाभरात नष्ट होतो. म्हणून मोठी मात्रा द्यायची ती सूर्यास्तानंतर. रोजच्या वापराच्या हौदात सायन्युरिक आम्ल थोड्या प्रमाणात, ३० ते ५० मिलिग्रॅम, ठेवतात. ते क्लोरीनला उन्हापासून राखतं. पण प्रमाण वाढलं तर क्लोरीनलाच बांधून टाकतं.

अजिंठ्याचं रोगण

इथे पुन्हा एकदा लेण्यांकडे जाऊ. अजिंठ्याची भित्तिचित्रं फिकी पडत होती, पोपडे निघत होते. निजाम सरकारनं १९२० ते १९२२ च्या दरम्यान चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केलं. त्यांनी सुटे पोपडे पक्के केले, आणि हे काम मोलाचं होतं. पण चित्रांवर लाखेचं रोगणही चढवलं गेलं. सुरुवातीला चित्रं उजळ दिसली. वर्षं गेली तसं रोगण पिवळं आणि पुढे तपकिरी होत गेलं, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि जे वाचवायचं तेच झाकलं गेलं. पुढे भारतीय पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना ते थर अतिशय जपून उतरवावे लागले.

त्या तज्ज्ञांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांच्या काळातलं उत्तम ज्ञान त्यांनी वापरलं. पण डागडुजीच्या प्रत्येक कामाला हा धडा लागू आहे : टाकलेली गोष्ट आतच राहते. पाण्यात टाकलेलं प्रत्येक रसायन पुढच्या रसायनाचं वर्तन बदलतं. म्हणून आधी मोजायचं, मग टाकायचं, आणि पुन्हा मोजायचं.

हौदाकडे परत

आता आपल्या फर्दापूरच्या हौदाची दुरुस्ती सुचू लागेल. गंमत अशी की इतिहासात जे सगळ्यात शेवटी कळलं, ते इथे सगळ्यात आधी करावं लागतं.

हौदाला पहिल्या दिवशीच कुंपण घालायचं. तळ न दिसणाऱ्या पाण्यात बुडालेलं मूलही दिसत नाही. जाळीनं पानं आणि कचरा काढायचा. सडणारं प्रत्येक पान क्लोरीन खातं. मग सामू आणि अल्कता मोजायची आणि सामू ७.२ ते ७.४ वर आणायचा. त्यासाठी लागणारं आम्ल मोठ्या माणसानंच, हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्यात थोडं थोडं मिसळायचं. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीही नाही. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर यांची भांडी, चमचे, जागा सगळं वेगळं. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू १९१५ मध्ये इप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून सोडला गेला होता. वेगवेगळ्या प्रकारची क्लोरीनची रसायनंही एकमेकांत मिसळू नयेत; स्फोट होऊ शकतो.

मग संध्याकाळी क्लोरीन. पावडर बादलीभर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी हौदभर फिरवायचं. पंप चालू, भिंती ब्रशनं घासलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. क्लोरीन शून्यावर आला असेल तर निराश व्हायचं कारण नाही. तो शेवाळावर खर्च झाला आहे. संध्याकाळी पुन्हा मात्रा. दोन-चार दिवसांत हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी होतं. शेवाळ मेलं, पण तरंगतं आहे. आता तुरटीची पाळी. पंप बंद ठेवून रात्रभर साका बसू द्यायचा आणि तळाचा गाळ हळूच ओढून बाहेर काढायचा. तुरटीनं सामू आणि अल्कता उतरतात, म्हणून पुन्हा मोजणं. मग वाळूची गाळणी, तिची उलटी धुलाई, पुन्हा गाळणी. काढलेला गाळ आणि क्लोरीनचं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही.

काम संपलं हे कसं ओळखायचं? पाणी निळं दिसतं म्हणून नव्हे. संध्याकाळी मोजलेला क्लोरीन आणि उजाडण्यापूर्वी मोजलेला क्लोरीन यांत लिटरला एक मिलिग्रॅमहून अधिक फरक नसेल, तर पाण्यात आता त्याला खाणारं फारसं काही उरलेलं नाही. रात्री ऊन नसतं, म्हणून ही परीक्षा प्रामाणिक. नेहमीच्या वापराला लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम पुरे. सायन्युरिक आम्ल घातलेलं असेल तर निदान दोन. आणखी एक गैरसमज इथेच दूर करू : पोहण्याच्या तलावाला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तेव्हा क्लोरीन जास्त झाला असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा तो कमी पडलेला असतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनच्या संयुगांशी अर्धवट जुळलेल्या क्लोरीनचा तो वास असतो.

एवढी खटपट एका हौदासाठी कशाला? २००७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड भागात घरांची कर्जं थकली, लोक घरं सोडून गेले आणि मागचे हौद हिरवे झाले. त्यांत डास माजले आणि त्या भागात वेस्ट नाइल तापाचे रुग्ण कितीतरी वाढले. केरळात २०२४ आणि २०२५ साली कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यातल्या अमीबानं नाकावाटे मेंदूत शिरून माणसांचे, त्यांत मुलांचेही, बळी घेतले. एकाच्या घरामागचं पाणी एकाचं राहत नाही. पायऱ्यांच्या विहिरीनं हे आपल्याला नारूच्या रूपानं शिकवलंच होतं.

वर्गात करून पाहण्यासाठी

हौद नसला तरी चालेल. एखाद्या डबक्याचं हिरवं पाणी शिक्षकांनी हातमोजे घालून चार पारदर्शक बाटल्यांत घ्यावं. एक उन्हात ठेवा, एक काळ्या कापडात गुंडाळून. तिसरीत तुरटीचं थोडं द्रावण, चौथीत शेवग्याच्या बियांची पूड पाण्यात कालवून. आठवडाभर रोज सकाळी आणि दुपारी सामूची कागदी पट्टी बुडवून आकडे वहीत लिहा. उन्हातल्या बाटलीचा सकाळचा आणि दुपारचा सामू वेगळा येतो का?

नितळपणाही मोजता येतो. १८६५ मध्ये इटलीतल्या सेक्की यांनी समुद्राच्या पाण्यात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. दोरीला बांधलेली पांढरी बशी आणि पाण्याचं पिंप एवढ्यावर तुमच्या वर्गालाही ते जमेल. तुरटीआधी आणि नंतर किती सेंटिमीटरचा फरक पडला ते लिहा. ब्लीचिंग पावडरचा प्रयोग मात्र मुलांच्या हाती देऊ नका. आणि यातलं कोणतंही पाणी कितीही नितळ झालं तरी पिऊ देऊ नका. ते पिण्याजोगं का नाही, हाच या पाठाचा शेवटचा प्रश्न ठेवा.

पुढची सहल अजिंठ्याला जाईल तेव्हा लेण्यांजवळ खोदलेलं टाकं दिसलं, तर मुलांना क्षणभर तिथे थांबवा आणि त्याचं तोंड लहान का, हे विचारा. कुणी बाष्पीभवन म्हणेल, कुणी अंधार म्हणेल. कुणी म्हणेल, बाई, मोजून पाहायला हवं. त्या मुलाला पाठ कळला.